पोकलेनचा कोड आणि पार्टचं बिल

नालेसफाई आटोपून पाऊस लागला की माझ्याकडे पोकलेनच्या केबिनमधल्या मॉनिटरचे फोटो यायला लागतात. खाली एकच ओळ असते: "सर, हा कोड आलाय, कोणता पार्ट बदलू?" कोड पार्टचं नाव सांगत नाही. अमुक सर्किटमध्ये व्होल्टेज किंवा करंट असायला हवा तसा नाही, एवढंच कंट्रोलर, म्हणजे मशीनचा छोटा कॉम्प्युटर, कळवतो. बिघाड वायरमध्ये आहे, कपलरमध्ये (वायरींच्या जोडात), अर्थिंगमध्ये, सेन्सरमध्ये की क्वचित कंट्रोलरमध्ये, हे मल्टिमीटर घेऊन शोधावं लागतं. या वेळी आलेले प्रश्न घेतो.

मॉनिटरवर एसपीएन १००, एफएमआय ४ आहे. मेकॅनिक म्हणाला ऑइल प्रेशर कमी आहे. ऑइल बदललं, सेन्सर बदलला, कोड तसाच. आता तो ऑइल पंप खोलायचा म्हणतोय. (मुलुंड)

पंप खोलू देऊ नका. एसपीएन हा आकडा बिघाड कशाशी संबंधित आहे ते सांगतो, एफएमआय तो कोणत्या प्रकारचा आहे ते. एसपीएन १०० म्हणजे इंजिन ऑइल प्रेशर, इथवर त्याचं बरोबर. पण एफएमआय ४ म्हणजे सिग्नलचं व्होल्टेज खाली गेलंय, किंवा वायर कुठेतरी बॉडीला लागतेय. प्रेशरच धोक्याच्या खाली गेलं असतं तर एफएमआय १ दिसला असता. ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ५ म्हणजे करंट कमी किंवा सर्किट तुटलेलं, ६ म्हणजे करंट जास्त. हे एसएई जे१९३९ या अवजड वाहनं आणि मशीनांसाठीच्या मानकातले आकडे आहेत. तुमच्या मशीनवर कंपनीचा स्वतःचा नंबर येत असेल तर त्याचा अर्थ त्याच मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या, दुसऱ्या मशीनच्या ऑपरेटरकडून नको. चावी ऑन करून सेन्सरच्या कपलरवर ५ व्होल्ट येतात का पाहा, मग सिग्नलची वायर ब्रॅकेटला घासून सोललीय का ते पाहा. मात्र मेकॅनिकल गेज लावून खरं प्रेशर मोजून घेईपर्यंत मशीन कामाला लावू नका.

बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवली की कोड जातो, हे खरं का? (भांडुप)

कोड गेला तरी बिघाड जात नाही.

एकाच दिवशी पाच सेन्सरचे कोड आले, इंजिन ताकद देत नाही. मेकॅनिक म्हणतो कंट्रोलर जळाला. कुर्ल्याहून जुना आणून देतो, पण पैसे आजच हवेत. (गोवंडी)

पैसे देऊ नका. पाच सेन्सर एका दिवशी जात नाहीत. बऱ्याच सेन्सरना कंट्रोलरकडून ५ व्होल्टचा सामाईक पुरवठा असतो. त्यातला एक आतून शॉर्ट झाला किंवा एक वायर सोलली की सगळ्यांचाच पुरवठा खाली येतो आणि सगळ्यांचे कोड लागतात. चावी बंद करून एक कपलर काढा, चावी ऑन करून व्होल्टेज मोजा, मग पुढचा काढा. ज्याचा कपलर काढल्यावर ५ व्होल्ट परत आले, बिघाड त्या शाखेत. सगळे काढूनही आले नाहीत तर हार्नेस, म्हणजे वायरींचा सगळा जुडगा, तपासा. त्याआधी बॅटऱ्याही बघून घ्या: १२-१२ च्या दोन मिळून उभ्या मशीनवर साधारण २५ व्होल्ट, इंजिन चालू असताना २८ च्या आसपास. कंट्रोलरला येणारा पुरवठा आणि अर्थिंग ठीक आहे हे मोजून सिद्ध झाल्यावरच त्याच्यावर संशय घ्या. आणि दुसऱ्या मशीनचा कंट्रोलर नुसता लावून चालत नाही, आतलं सॉफ्टवेअर तुमच्या मॉडेलशी जुळावं लागतं. ते डीलरच्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय जुना माल उचलू नका.

पंपाच्या प्रेशर सेन्सरचा कोड पावसात येतो, ऊन पडलं की जातो. दोन वायरमन आले, दोघांनी टेस्ट लॅम्प लावून वायर ठीक असल्याचं सांगितलं. सेन्सर दोनदा बदलला. (मानखुर्द)

टेस्ट लॅम्प लावला म्हणजे त्याची सुई वायरच्या आवरणात टोचली असणार. हा प्रकार मी इतकी वर्षं बघतोय आणि अजून माझा जीव जळतो. ते भोक डोळ्यांना दिसत नाही, पण मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेला तेवढं पुरतं. आतल्या बारीक तारा दिव्याच्या वातीसारखं पाणी ओढून घेतात. तांबं काळं पडतं, हिरवं होतं, आणि कोड येतो तो काही महिन्यांनी, भोकापासून लांब. तोवर कुणी कुठे टोचलं होतं ते कुणाच्या लक्षात नसतं.

खाडीलगतच्या एका साइटवर असाच कोड शोधण्यात माझे सहा दिवस गेले. सेन्सर नवा, कपलर स्वच्छ, मल्टिमीटरचा बीप नीट वाजत होता. शेवटी हार्नेसचं जाकीट ब्लेडने चिरत गेलो. पंपापासून हातभर अंतरावर एक वायर बोटांना मऊ लागली. हलकेच ओढली तर आवरण ताणलं गेलं. आत हिरवी पूड होती आणि दोन-तीन तारा तेवढ्या शिल्लक होत्या. बीप वाजायला एक तारही पुरते, म्हणून बीपवर विश्वास ठेवू नका.

मोजायचं असेल तर कपलरच्या मागून, रबरी सीलच्या कडेने बारीक बॅकप्रोब पिन सरकवा. पुढून जाड प्रोब खुपसलात तर आतली पिन फाकते आणि कपलर बसवूनही सैल राहते. कंट्रोलरच्या सर्किटला टेस्ट लॅम्प लावूच नका, बल्ब ओढतो तेवढा करंट तिथे चालत नाही. चावी ऑन ठेवून व्होल्टेज बघा आणि हेल्परला हार्नेस हळूहळू हलवायला सांगा. आकडा उडाला की तिथेच शोधा. काळा पडलेला भाग चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापा, त्याच जाडीची वायर जोडा, वर गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा. नुसती काळी टेप नको, तिच्याखाली पाणी साचून राहतं. नाल्यातून मशीन बाहेर काढल्यावर प्रेशर वॉशरचा फवारा कपलरवर मारणंही बंद करा. तुमच्या हार्नेसला दोघांनी किती ठिकाणी टोचलंय ते कळणार नाही, म्हणून सर्किट डायग्राम वाचता येणाऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून तो टोकापासून टोकापर्यंत तपासून घ्या.

'कम्युनिकेशन एरर' येतोय. मॉनिटर लॅमिंग्टन रोडला दुरुस्तीला द्यावा का? (वडाळा)

आधी मास्टर स्विच बंद करून कॅन-हाय आणि कॅन-लो या दोन वायरींमध्ये ओहम मोजा; मॉनिटर आणि कंट्रोलर याच वायरींवरून एकमेकांशी बोलतात. लाइनच्या दोन्ही टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून ६० च्या आसपास यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात. काही मशीनमध्ये अशा लाइनी एकापेक्षा जास्त असतात, तेव्हा डायग्राम माहीत असलेला माणूस सोबत घ्या.

बकेटला वेल्डिंग करताना मास्टर स्विच बंद केला की पुरे ना? (कांजूरमार्ग)

नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढा, मॅन्युअलमध्ये सांगितलेले कंट्रोलरचे कपलर काढा आणि अर्थचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ, त्याच तुकड्यावर लावा.

सेफ्टी लिव्हरच्या स्विचचा कोड येऊन हायड्रॉलिक बंद पडलं होतं. ऑपरेटरने जंपर टाकला, दहा दिवस मशीन व्यवस्थित चालतंय. काम संपल्यावर दुरुस्त केलं तर चालेल? (दहिसर)

चालणार नाही. जंपर म्हणजे स्विचला वगळून थेट जोडलेली वायर. त्यामुळे लिव्हर वर असो की खाली, जॉयस्टिक कायम जिवंत राहते. ऑपरेटर उतरताना त्याच्या डब्याची पिशवी तिला अडकली तरी बूम फिरेल, आणि तेव्हा खाली हेल्पर उभा असेल. दहा दिवस काही झालं नाही म्हणून अकराव्या दिवशी होणार नाही, असं समजू नका. स्विच, त्याचा कपलर आणि पायलट सोलेनॉईड (जॉयस्टिकचं हायड्रॉलिक चालू-बंद करणारा व्हॉल्व्ह) डीलरच्या माणसाकडून तपासून घ्या, त्यासाठी एक दिवसाचं भाडं बुडालं तरी बुडू द्या. आत्ता मात्र आधी हेल्परला खड्ड्यातून वर बोलवा, बकेट जमिनीला टेकवा आणि चावी स्वतःकडे घ्या. फोन त्यानंतर करा.