इन्सुलिन, पीक विमा आणि परमेश्वरावरचा भाव

या वेळच्या चारही प्रश्नांच्या मुळाशी एकच वचन आहे. ‘तू आपल्या अगदी मनापासून परमेश्वरावर भाव ठेव, आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस’ (नीतिसूत्रे ३:५). कुणी ते स्वतः लिहून पाठवलंय, कुणाला ते दुसऱ्याने ऐकवलंय. पत्रं आली त्या क्रमाने घेत नाही, कारण एकाला थांबवून ठेवता येत नाही.

आईला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या महिन्यात चंगाई सभेत (आजार बरे होण्यासाठीच्या प्रार्थनासभेत) तिच्यासाठी प्रार्थना झाली, मी बरी झाले अशी तिने सगळ्यांसमोर साक्षही दिली. तेव्हापासून इन्सुलिन बंद. म्हणते, सुई घेतली तर माझा विश्वास कच्चा ठरेल. – एक भगिनी, नाशिकरोड

ताई, पुढचं नंतर वाचा. आधी आजच आईची साखर तपासून तिला डॉक्टरांकडे न्या. उलट्या, फार तहान, धाप किंवा गुंगी यातलं काही दिसलं तर सरळ इस्पितळ गाठा. इन्सुलिन किती आणि कसं सुरू करायचं हे डॉक्टर ठरवतील, जुन्या मात्रेने घरीच टोचू नका.

आता आईसाठी. येशूने कुष्ठरोग्याला बरं केलं आणि लगेच सांगितलं, जा, याजकाला दाखव (मत्तय ८:४). बरं झाल्याचा निवाडा तेव्हा याजक देत. देवाने आईला बरं केलं असेल तर तिच्या रक्ताच्या रिपोर्टमध्येही ते दिसेल आणि डॉक्टर स्वतःच मात्रा कमी करतील. आजारी हिज्कीया राजाला तर यशया संदेष्ट्यामार्फत देवाचं वचनच मिळालं होतं, की तू बरा होशील, तुला आणखी १५ वर्षं दिली. त्यानंतरही यशयाने गळवावर अंजिरांचा लेप लावायला लावला (२ राजे २०). ‘यात तुझा विश्वास कुठे गेला?’ असं हिज्कीयाला कुणी विचारलं नाही.

कुणीतरी आसा राजाचं उदाहरण तुमच्या तोंडावर फेकेल, त्याने वैद्यांचा धावा केला म्हणून. २ इतिहास १६:१२ नीट वाचायला सांगा. आसाने परमेश्वराकडे पाठ फिरवली, ही तिथली तक्रार आहे. आणि एक करा, तुमच्या पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) घरी बोलवा. या बाबतीत आई तुमच्यापेक्षा त्यांचं ऐकेल. ‘सुई घे’ हे त्यांच्या तोंडून आलं पाहिजे, आणि ते सांगायची जबाबदारी त्यांचीच आहे.

दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. अवकाळीची धास्ती असते म्हणून मी पीक विमा काढतो. प्रार्थनासभेतले एक बंधू म्हणाले, विमा म्हणजे देवावर अविश्वास. – एक शेतकरी

त्या बंधूंच्या गाडीचा विमा आहे का, ते हळूच विचारून बघा.

थट्टा बाजूला ठेवू. यशयाच्या २८व्या अध्यायात शेवटी शेतकरी येतो. तो सदासर्वकाळ नांगरतच बसत नाही, रान सपाट करून कुठलं बी कुठे टाकायचं ते टाकतो. जिऱ्यावर गाडीचं चाक फिरवत नाही, ते काठीने झोडतो. हे शहाणपण त्याला त्याच्या देवाने शिकवलं, असं यशया म्हणतो. म्हणजे ऑक्टोबर छाटणी कधी धरायची, ढगाळ हवेत डावणी रोगासाठी कोणती फवारणी घ्यायची, हे तुम्हाला जे कळतं तेही देवाच्याच शाळेतलं. विमा त्याच रांगेत बसतो. फक्त विम्याने झोप लागते आणि प्रार्थना राहून जाते असं होऊ लागलं, तर लूक १२ मधला कोठारं बांधणारा श्रीमंत एकदा वाचा.

सातपूरच्या कंपनीत आहे. चाकणहून जास्त पगाराची ऑफर आली. उपास करून शास्त्र उघडलं तर उत्पत्ती १२ निघाला, ‘तू आपला देश सोड’. बायको नाही म्हणते, मुलगा दहावीला आहे. देवाचं ऐकू की बायकोचं? – एक वाचक

भाऊ, नको ते पान निघालं असतं तर तुम्ही पुन्हा उघडलं असतं का? याचं उत्तर मला नको, स्वतःलाच द्या. पान तुमच्या बोटांनी उघडलं, आणि त्यावर अर्थ बसवला तो त्याच बुद्धीने, जिच्यावर टेकू नको असं वचन सांगतं. देवाकडे खूण मागायला गिदोनाने पसरलेल्या लोकरीचा दाखला देऊ नका. त्याला देवाची आज्ञा आधीच मिळाली होती, लोकर पसरली ती धीर होत नव्हता म्हणून.

यहोशवा ९ मात्र तुमच्या कामाचा आहे. गिबोनचे लोक शिळी भाकर आणि फाटके बुधले घेऊन आले, आम्ही फार लांबून आलो असं खोटंच म्हणाले. इस्राएलच्या माणसांनी शिदोरी तपासली, खात्री पटली, करार केला. परमेश्वराला मात्र विचारलं नाही. पुरावा हातात होता, पण तो समोरच्याने मांडून ठेवलेला होता. तुमच्या ऑफर लेटरमध्येही कंपनीला जे दाखवायचंय तेच असणार. चाकणचं घरभाडं, शिफ्ट, मुलाची शाळा, आईवडिलांकडे कोण बघणार, हे सगळं कागदावर लिहा आणि तो कागद समोर ठेवून बायकोसोबत प्रार्थना करा. ती देवाच्या विरुद्ध पक्षात बसलेली नाही. कदाचित देव तुमच्याशी तिच्याच तोंडून बोलत असेल.

अंबडमध्ये एका ठेकेदाराकडे हिशेब बघतो. मालक खोटी बिलं लावायला सांगतो. घराचा हप्ता आहे. देव परिस्थिती समजून घेईल ना? – नाव नको

वरच्या तिघांना मी बुद्धी वापरा म्हटलं. तुम्हाला मात्र ते वचन जसंच्या तसं लागू आहे. इथे काय करावं हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि ते का करू नये याची कारणं बुद्धी पुरवते आहे. हप्ता, मुलं, ‘सगळेच करतात’.

नोकरी टिकेल असं मी सांगणार नाही. शद्रख, मेशख आणि अबेदनगो त्यांना भट्टीत टाकायची धमकी देणाऱ्या राजाला म्हणाले, आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही (दानीएल ३). त्यातलं ‘नाही सोडवलं तरी’ धरून चाला. मालकाला एकांतात, आवाज न चढवता सांगा की खोट्या बिलाला मी हात लावणार नाही. त्याआधी दुसरीकडे अर्ज टाका आणि हप्त्याबद्दल बँकेशी बोलून ठेवा. मंडळीच्या (चर्चच्या) वडीलजनांनाही सांगा. महिन्याचा किराणा अडला तर मंडळीने उभं राहायचं असतं, तो उपकार नव्हे. जी बिलं आधीच लावली असतील त्यांच्याबद्दल एखाद्या वकिलाला विचारा, उशीर करू नका.