ते खोडलेलं वाक्य परत घाला

पत्र (थोडक्यात): मी एडिसन, न्यू जर्सी इथे राहतो. मुलगी अकरावीत आहे, जीपीए (गुणांची सरासरी) उत्तम, कॉलेज प्रवेशाच्या एसएटी परीक्षेत १५४०. बीएस-एमडीच्या, म्हणजे पदवी आणि मेडिकलला एकत्र प्रवेश देणाऱ्या, १४ कार्यक्रमांची यादी केली आहे, निबंधही तयार करून सोबत जोडला आहे. १९९४ साली दोन मार्कांनी माझं मेडिकल हुकलं, तिचं हुकू नये. एकदा सीट मिळाली की एमसीएटीची (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची) कटकट नाही, ८ वर्षं निश्चिंत. यादीत काही बदल सुचवाल का? (एक वडील)

उत्तर:

नमस्कार. यादीकडे नंतर येते. आधी निबंधाबद्दल बोलू, तो मी तीनदा वाचला.

फाइल पाठवताना तुमचे शेरे पुसायचे राहून गेले, आणि राहिले ते बरंच झालं. चौथ्या परिच्छेदात मुलीनं लिहिलं होतं की दर शनिवारी ती नर्सिंग होममध्ये एका आजींना सूप भरवते. आजी तिला भलत्याच नावानं हाक मारतात. पहिले काही आठवडे ती आपलं नाव सांगत राहिली, मग सोडून दिलं, कारण त्या नावाला ओ दिली की आजी दोन घास जास्त खातात. या वाक्यावर लाल रेघ आहे आणि शेजारी तुमचा शेरा: ‘मेडिसिनशी संबंध नाही. काढ. इथे रिसर्च घाल.’

अहो, अख्ख्या निबंधात तेवढंच एक वाक्य तिचं होतं! बाकीचा मजकूर या वयाच्या कुठल्याही हुशार मुलाच्या नावावर खपेल. समोरच्या माणसाला काय दिलं की चार घास पोटात जातील, हे तिला कुणी न शिकवता कळलं. मेडिसिनशी संबंध याचाच आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त खुपली. ‘आम्ही शॅडोइंग केलं’ (म्हणजे डॉक्टरांसोबत राहून त्यांचं काम पाहिलं), ‘आम्ही एसएटी दोनदा दिली’, पत्रभर सगळं ‘आम्ही’. तिला काय हवंय याबद्दल एकच ओळ: ‘ती समजूतदार आहे, ऐकते.’ ऐकणारी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या पेपरला बसतात तेव्हा शेजारी बाबा नसतात, आणि आपण इथे का आलो याचं स्वतःचं उत्तरही नसतं. मग फोन उचलणं बंद होतं. स्पष्ट लिहिते आहे, राग मानू नका.

१९९४ चं दुःख खरं आहे. तेव्हा महाराष्ट्रात बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजीच्या मार्कांवर सगळं ठरायचं आणि दोन मार्कांनी दार खरोखर बंद व्हायचं. पण तुम्ही मुलीला त्याच दारासमोर उभं करताय, आणि अमेरिकेत ते दार तसं नाहीच.

‘सीट मिळाली की निश्चिंत’ हा गैरसमज आपल्या लोकांत फार पसरलाय, कारण आपण बीएस-एमडीकडे एमबीबीएसच्या चष्म्यातून बघतो. एमबीबीएसला बारावीनंतर थेट मेडिकल कॉलेजात पाय पडतो. इथे आधी पदवीचा अभ्यास, मग ४ वर्षांचं मेडिकल स्कूल. मेडिकलची जागा राखून ठेवलेली असते, पण अटींवर. ठरलेला जीपीए टिकवावा लागतो आणि बऱ्याच ठिकाणी एमसीएटीला ठरावीक स्कोअरही आणावा लागतो. ब्राउन विद्यापीठाच्या पीएलएमई या बीएस-एमडीसारख्याच कार्यक्रमात एमसीएटी लागत नाही, हे खरं. पण म्हणून ते सगळीकडे लागू होत नाही. काही ठिकाणी तर दुसऱ्या मेडिकल स्कूलला अर्ज केला की राखलेली जागा जाते. वेळ वाचतो म्हणाल, तर ८ वर्षांच्या कार्यक्रमात एकही वर्ष वाचत नाही. नेहमीच्या रस्त्यानंही ४ आणि ४ मिळून ८ च होतात. ७ वर्षांच्यात एक वाचतं, मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटीतल्या ६ वर्षांच्यात दोन. त्यापुढची रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं ३ ते ७ वर्षांचं प्रशिक्षण, कुणालाच चुकत नाही.

आणि यातल्या एकाही ठिकाणी प्रवेश मिळाला नाही, तर? चार वर्षं कॉलेज, प्रीमेडचे (मेडिकलआधी लागणारे) विषय, एमसीएटी, मग अर्ज. अमेरिकेतले बहुतेक डॉक्टर याच वाटेनं आलेत. तिला उरलेल्यांची वाट समजू नका. सतराव्या वर्षी ज्याला नक्की माहीत नाही, त्याला ती विचार करायला चार वर्षं देते.

आता यादी. १४ अर्ज म्हणजे १४ ठिकाणचे वेगवेगळे पुरवणी निबंध, तेही बारावीच्या अभ्यासात. सगळे लाल रेघांखालून जाणार असतील तर एकही पाठवू नका. मुलाखतीला मूल एकटंच आत जातं. ‘डॉक्टरच का, आणि आत्ताच का ठरवायचंय?’ हे तिथे विचारतातच. शिकवलेलं उत्तर रोज मुलाखती घेणाऱ्यांना लगेच ओळखू येतं. तिला स्वतःला ही वाट हवी असेल तर तीन-चार कार्यक्रम पुरेत. ब्राउनचा ठेवावा, तिथे मेडिकलची जागा राखून इतिहास किंवा साहित्यही शिकता येतं. कॉलेज ऑफ न्यू जर्सी आणि न्यू जर्सी मेडिकल स्कूलचा घराजवळचा आहे, तोही बघावा. निवड मात्र तिची.

म्हणून यादीत मी आज याहून जास्त बदल सुचवत नाही. कॉमन ॲप (कॉलेजांचा सामाईक ऑनलाइन अर्ज) १ ऑगस्टला उघडतं, काही कार्यक्रमांची मुदत नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच संपते. वेळ आहे. तोवर एक करा: आजींचं ते वाक्य होतं तसं परत घाला आणि निबंधाची फाइल तिच्याकडे देऊन टाका. पुढचं पत्र मला तिनं लिहावं. मराठी लिहायला जड जात असेल तर इंग्रजीत लिहू दे. फक्त ते तुम्ही न वाचता पाठवा.