मैदानावरचे प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी एफवाय बीकॉमला आहे. रोज पहाटे हिरावाडीला बॅडमिंटन खेळायला जाते. २०२५ मध्ये जर्मनीतल्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत आपल्या १२ पैकी ६ खेळाडूंना कोर्टवर उतरताच आलं नाही, असं वाचलं. हे कसं झालं? आणि तिथवर पोचायचं तर सुरुवात कुठून करायची?
– एक पालक, पंचवटी

उत्तर : बॅडमिंटन म्युल्हाइम गावात होतं. भारताचे १२ खेळाडू गेले आणि स्पर्धेच्या यादीत नावं ६ जणांचीच लागली. बाकीचे किट घेऊन बसून राहिले. तरी मिश्र सांघिकमध्ये आपल्याला कांस्य मिळालं, त्या सहा जणांचं करावं तेवढं कौतुक थोडंच. मिश्र सांघिक म्हणजे दोन एकेरी, दोन दुहेरी आणि एक मिश्र दुहेरी. सहा जणांत ते कसंबसं भागतं, पण एकाचा घोटा मुरगळला की संपलं!

बातमी वाचून मला राग यायच्या आधी लाज वाटली. मी तीस वर्षं कॉलेजात जिमखाना सांभाळला. एका वर्षी आंतरविभागीय, म्हणजे विद्यापीठाच्या विभागांमधल्या स्पर्धेला आमच्या राखीव मुलीचं नाव यादीत लिहायचं राहिलं. माझ्याच हातून. दुसऱ्या दिवशी पहिल्या नंबरची मुलगी तापाने फणफणली. राखीव मुलगी गॅलरीत बसून रॅकेटची ग्रिप उलगडत होती, पुन्हा गुंडाळत होती. दिवसभर तेच. मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता रस्ता. नाशिकची बहुतेक कॉलेजं पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाखाली येतात. आधी आंतरमहाविद्यालयीन, मग आंतरविभागीय. तिथून विद्यापीठाचा संघ निवडतात, तो पश्चिम विभाग आंतरविद्यापीठला जातो आणि पुढे अखिल भारतीय. तिथे चमकलेल्यांतून देशाच्या संघाची निवड. म्हणजे तुमच्या लेकीला क्लबच्या स्पर्धा कितीही जिंकल्या तरी कॉलेजच्या संघात खेळावंच लागेल. पुष्कळ चांगली मुलं ‘कॉलेजचं काय खेळायचं’ म्हणून नाक मुरडतात आणि तिथेच गाडी चुकते.

पुढची उन्हाळी स्पर्धा ऑगस्ट २०२७ मध्ये दक्षिण कोरियात, चुंगचाँग भागात आहे. त्या वर्षी वय १८ ते २५ मध्ये बसायला हवं आणि विद्यार्थी म्हणून नाव दाखल हवं. आदल्या वर्षी पदवी घेतलेल्यालाही चालतं. २०२७ जवळ वाटत असेल तर त्यापुढची धरा, ही स्पर्धा दर दोन वर्षांनी असते.

एक काम मात्र आजच करा. कॉलेजच्या क्रीडा शिक्षकांना भेटा, पात्रता फॉर्म कधी जातो ते विचारा आणि गेल्यावर त्याची प्रत मागून घ्या. सर जरा वैतागतील. वैतागू देत.

प्रश्न : थंडीत शटलची पिसं दोन रॅलीत तुटतात. खिशाला परवडत नाही हो.
– एक विद्यार्थी, गंगापूर रोड

उत्तर : आपली कोरडी हवा, पिसं कडक होतात. आदल्या रात्री डब्याची दोन्ही झाकणं काढा, किटलीच्या वाफेवर काही सेकंद धरा आणि झाकणं लावून ठेवा. जास्त वाफ दिलीत तर शटल जड होतं. सकाळी एक शटल मागच्या रेषेवरून खालून पूर्ण ताकदीने मारून बघा. पलीकडच्या मागच्या रेषेच्या ५३ ते ९९ सेंटीमीटर अलीकडे पडलं तर ठीक. बाहेर जाऊ लागलं तर डब्यावरचा वेगाचा आकडा बघा, जास्त आकडा म्हणजे वेगवान शटल : ७७ असेल तर ७६ आणा. एप्रिल-मेच्या उन्हात तर ७६ च बरं.