वाचकांचे प्रश्न: टॉवर, धर्म आणि विधानसभेचे मत

प्रश्न: भायखळ्यात टॉवर वाढले, पगार वाढले, तरी विधानसभा आली की चर्चा धर्माचीच. मत नेमके कशावर पडते, हे आकड्यांतून कळेल का?

उत्तर: बरेचसे कळेल, आणि त्यासाठी तुमचाच मतदारसंघ उत्तम. २०१४ मध्ये एमआयएमचे वारिस पठाण इथून १,३५७ मतांनी निवडून आले. मते जेमतेम २५ हजार, पण युती-आघाडी दोन्ही मोडल्याने बाकीची मते चार-पाच जणांत वाटली गेली. २०१९ मध्ये त्यांची मते ३१ हजारांवर गेली आणि ते हरले! युती पुन्हा जुळली होती. शिवसेनेच्या यामिनी जाधव जिंकल्या. २०२४ मध्ये ठाकरे गटाचे मनोज जामसुतकर. मतदारसंघाची हद्द २००९ पासून तीच. वस्तीचा धर्मही पाच वर्षांत पालटत नाही. पालटते ती मतविभागणी. ‘अमुक समाज इतके टक्के, म्हणजे निकाल ठरलेला’ हे नाक्यावरचे गणित इथेच फसते.

सुबत्तेचा परिणाम आधी दिसतो तो मतदानाला न जाण्यात. २०२४ मध्ये कुलाब्यात सुमारे ४४ टक्के मतदान झाले, भांडुपमध्ये ६१ च्या आसपास. दुसरे म्हणजे, दरडोई उत्पन्नापेक्षा नुकताच खात्यात पडलेला पैसा मतदाराच्या जास्त लक्षात राहतो. लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये जुलै २०२४ पासून लागू झाले, मतदान २० नोव्हेंबरला होते. मात्र त्यामुळे नेमकी किती मते फिरली, हे निकालपत्रकातून काढता येत नाही.

स्वतः पडताळायचे तर मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून ‘नमुना २०’ घ्या. त्यात केंद्रनिहाय मते असतात. केंद्रावर एकूण मतदार किती, हे मात्र मतदार यादीतून घ्यावे लागते. दोन निवडणुकांची तुलना केंद्र क्रमांकावरून करू नका, क्रमांक बदलतात, पत्ते जुळवा. टपाली मते वेगळी धरा.

प्रश्न: उमेदवाराने धर्माच्या नावावर मत मागितले तर साधा मतदार काय करू शकतो?

उत्तर: लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, कलम १२३(३) पाहा; धर्माच्या नावावर मत मागणे त्यात भ्रष्ट आचार ठरते. तो उमेदवार निवडून आला, तर त्याच मतदारसंघातला मतदार ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करू शकतो. भाषणाची तारीख, जागा, शब्द नेमके लिहा. मोघम याचिका सुरुवातीलाच उडते. बोलणारा दुसरा कोणी असेल, तर उमेदवाराची संमती सिद्ध करावी लागते. वेळही लागतो: विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीतली डॉ. रमेश प्रभू यांची निवड उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले ते डिसेंबर १९९५ मध्ये. तोवर ती विधानसभा विसर्जित होऊन पाच वर्षे उलटली होती.