दुबईत कंपनी काढताय? आधी एवढं बघा

दादा, अभिनंदन! तुमचा प्रश्न 'कुठला फ्री झोन (म्हणजे कंपन्यांसाठी वेगळे नियम असलेला खास भाग) स्वस्त?' हा आहे, पण सुरुवात तिथून करू नका. आधी गिऱ्हाईक कुठे आहे ते ठरवा. माल दुबईतल्याच दुकानांना द्यायचा असेल तर मेनलँड लायसन्स, म्हणजे फ्री झोनबाहेरचा परवाना, बघा. 2021 पासून बहुतेक व्यवसायांत तिथे 100 टक्के मालकी परदेशी माणसाला मिळते, स्थानिक भागीदार लागत नाही. गिऱ्हाईक देशाबाहेरचं असेल तर फ्री झोन सोयीचा.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- पैसे आधी पाठवतात, कागद नंतर. भारतात राहून गुंतवताय ना? मग आपल्या बँकेत फॉर्म एफसी (परदेशी गुंतवणुकीचा फॉर्म) भरून यूआयएन, म्हणजे त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक, घ्या, मगच पैसे पाठवा. व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे.
- लायसन्सवरचा व्यवसाय नीट वाचत नाहीत. माझ्या लायसन्सवर फक्त मसाले होते आणि मी एकदा पॅकिंग मशीनचं बिल फाडलं. बँकेने ते नेमकं पकडलं, खातं दोन महिने अडकलं. पगार द्यायचे होते हो!
- 'दुबईत टॅक्स नाही' यावर विसंबतात. 3,75,000 दिरहमच्या वरच्या नफ्यावर 9 टक्के कॉर्पोरेट टॅक्स आहे. नफा नसला तरी नोंदणी करावीच लागते.

बँक खात्याला वेळ लागतो, तेव्हा सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा. व्हिसा, व्हॅट वगैरे पुढे बघू. आधी गिऱ्हाईक कोण ते कळवा.