पंपिंग ६० टक्के, तरी दम का लागतो?

प्रश्न : आमचे आबा ६६ वर्षांचे, तरुणपणी तालमीत घुमलेले पैलवान. हल्ली जोतिबाच्या पायऱ्या राहू देत, रंकाळ्याची अर्धी फेरीसुद्धा होत नाही. रात्री दोन उशा लागतात. बीपी जुनं आहे, गोळी मनाला येईल तेव्हा घेतात. टूडी एकोत हृदय मोठं, भिंत जाड, पंपिंग ६० टक्के असं आलंय. आबा म्हणतात, "पैलवानाचं काळीज मोठंच असणार, पंपिंग झकास आहे की!" मग दम का लागतो?
— एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : साठचा आकडा चांगलाच आहे, पण तो हृदयाच्या निम्म्या कामाचा. कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती बाहेर गेलं, एवढंच त्यातून कळतं. भरताना कप्प्याला किती त्रास झाला, ते कळत नाही. आणि आबांचं दुखणं बहुधा तिथेच आहे.

वर्षानुवर्षं चढ्या बीपीशी झुंजून डाव्या कप्प्याची भिंत जाड आणि ताठर होते. एको करताना मी हे नेहमी बघतो : भिंत जोरात आत येते, पण मागे जाताना रेंगाळते. मूठ उघडायला जोर लागत नाही, हृदयाचं तसं नाही. आकुंचनासाठी पेशीत सुटलेलं कॅल्शियम परत साठ्यात ओढून नेलं, तरच स्नायू सैल पडतो, आणि त्यालाही ऊर्जा खर्ची पडते. हे काम मंदावलं की भरतानाच कप्प्यातला दाब चढतो आणि मागे फुप्फुसांपर्यंत जातो. आडवं झालं की पायांकडचं रक्त छातीकडे येतं, म्हणून त्या दोन उशा. चालताना ठोके वाढतात, भरायला वेळच पुरत नाही, म्हणून रंकाळ्यावर दम.

काहींचा कप्पाच ताणून फुगतो, ते दुखणं वेगळं. स्नायू थोडा ताणला तर ठोका उलट जोरात पडतो, पण कप्पा कायमचा रुंदावला की भिंतीवरचा ताण वाढत जातो, आकुंचन दुबळं होतं आणि पंपिंग ४० च्या खालीही उतरतं. आबांचं तसं नाही.

आणि मेहनतीनं मोठं झालेलं हृदय सैलही छान पडतं. व्यायाम सुटला की बरंचसं पूर्ववत होतं. आखाडा सुटून इतकी वर्षं झाली, आता कुस्तीला बोल लावू नका. बीपीकडे बघा.

गोळी रोज, ठरल्या वेळी द्या. बीपी ताब्यात राहिलं तर भिंतीची जाडीसुद्धा हळूहळू उतरू शकते. खर्डा, लोणचं, पापड कमी करा. रश्शात मीठ बेतानं घाला. तरीही एवढा दम लागतोय, तर थांबू नका, याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. जाड भिंतीला इतरही कारणं असतात, ती तेच तपासतील. सकाळी उठल्यावर वजन लिहून ठेवा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं किंवा घोटे सुजले, तर लगेच फोन करा. बसल्या जागी दम लागला, तर थेट दवाखाना गाठा.