एका वेळी किती, तेवढंच लिही

बडोदे, मार्गशीर्ष

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझी पक्षी मोजायची वही मिळाली. अक्षर सुरेख, पेन्सिलीची चित्रंही छान. आकडे मात्र मला पटले नाहीत. 'रविवार, साळुंक्या 46'! कारेलीबागेतल्या टेनामेंटच्या मागचा तो एवढासा चौक, एक पेरूचं झाड, आणि 46 साळुंक्या? अगं, असतील पाच-सहा. त्याच दिवसभर ये-जा करत राहिल्या आणि तू दर खेपेला नवी रेघ ओढलीस.

अमेरिका आणि कॅनडात 'प्रोजेक्ट फीडरवॉच' नावाचा उपक्रम चालतो. त्याची सुरुवात 1976 साली कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात झाली, 1987 पासून तो दोन्ही देशांत पसरला. लोक घराबाहेर दाणे ठेवतात आणि हिवाळाभर येणारे पक्षी मोजतात. तिथला नियम तूही उचल: एका जातीचे जास्तीत जास्त किती पक्षी एकाच वेळी नजरेसमोर होते, तेवढाच आकडा. आधी तीन साळुंक्या आल्या, मग पाच, मग दोन, तर वहीत लिहायचं 5. बेरीज करायची नाही. यात एखादी साळुंकी सुटेल, सुटू दे. रोज एकाच पद्धतीने मोजलंस तरच डिसेंबरचा आकडा फेब्रुवारीच्या आकड्याशेजारी ठेवता येईल.

वेळही ठरवून टाक. सकाळी ऊन चौकात उतरलं की पंधरा मिनिटं, रोज त्याच खुर्चीवरून. आणि तुझ्या वहीत मंगळवार-बुधवार कोरे आहेत, ते का? पाहिलंच नाहीस, की पाहिलंस आणि कुणी आलं नाही? कुणी आलं नसेल तर तसं लिही. ती कोरी जागा मला तुझ्या 46 पेक्षा जास्त छळते आहे.

आता दाण्यांबद्दल. तू बाजरी आणि तांदळाची कणी ठेवतेस, शेजारच्या काकूही रोज दाणे टाकतात, त्यामुळे चौकात पारवेच पारवे. यात नवल नाही. गुजरातेत गावोगाव पक्ष्यांना दाणे घालायचे चबुतरे आहेत, पारव्यांना दाण्याची ददात नाही. तिकडे अमेरिका-कॅनडात बर्फ पडला की पक्ष्यांना खाणं मिळवणं अवघड होतं, म्हणून टांगलेल्या दाण्याभोवती सगळे जमतात. आपल्याकडे हिवाळ्यात शेतं भरलेली असतात. शिवाय आपल्या चौकात लांबून येणारे पाहुणे बहुतेक किडेखाऊ. थिरथिरा, गळ्याशी नारिंगी असणारा छोटा माशीमार, शुभ्रकंठी, यांना तुझ्या बाजरीशी काही देणंघेणं नाही. तू दाण्याच्या ताटलीवर डोळे लावून बसलीस आणि मागच्या भिंतीवर थिरथिरा शेपूट थरथरवत बसला असेल, तर तो वहीत येणार कसा?

म्हणून दाणे मूठभरच ठेव आणि पाणी मांड. कुंभाराकडचं उथळ मातीचं कुंडं, दोन बोटं पाणी, मध्ये एक दगड. रोज घासून पाणी बदलायचं, म्हणजे डासही होणार नाहीत. पेरूखालची वाळकी पानं आईला झाडू देऊ नकोस (तिला माझं नाव सांग, रागावली तर माझ्यावर रागावेल). त्या पानांत किडे असतात. गाठिया, शेव, पाव पक्ष्यांना घालायचे नाहीत, कुणी कितीही पुण्य सांगितलं तरी.

थिरथिरा बहुधा एकटाच दिसेल, हिवाळाभर 1 असाच आकडा येईल. कंटाळू नकोस. मार्च-एप्रिलच्या सुमारास तो 1 कधी 0 होतो ती तारीख मला हवी आहे. माशीमाराचा नारिंगी गळा फक्त प्रौढ नराला असतो. बाकीचे मळकट दिसतात, त्यांना शेपटी वर उडवायच्या सवयीवरून ओळख. आणि तू 'जास्वंदीवरचा अनोळखी पिवळा पक्षी' म्हणून ज्याचं चित्र काढलंस, गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध काळी रेघ असलेला, तो जांभळा शिंजीरच आहे, नर. विणीचा हंगाम सरला की त्याचा झगमगीत रंग उतरतो आणि उन्हाळ्याआधी पुन्हा चढतो. वहीत वेगळी जात करू नकोस, समोर फक्त 'रेघवाला' लिही.

संध्याकाळी डोक्यावरून भोरड्यांचे, म्हणजे गुलाबी मैनांचे, थवे जातील. ते चौकात उतरत नाहीत, म्हणून वेगळ्या रकान्यात. एकेक मोजायला जाऊ नकोस. दहा पक्षी नीट मोज, दहांचा घोळका केवढा दिसतो ते डोळ्यांत बसव आणि थव्यात असे किती घोळके मावतात ते बघ.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, दोन दिवशीही मोज, पतंग चढवायच्या आधी. पक्षी सकाळी बाहेर पडतात आणि तिन्हीसांजेला परततात, त्या वेळी तुझी पतंग खाली हवी. आकडा घसरला तर लगेच 'मेले' असं लिहू नकोस, दूरही गेले असतील. जखमी सापडला तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेव, चोचीत पाणी ओतू नकोस आणि करुणा अभियानाच्या (मांज्याने जखमी झालेल्या पक्ष्यांसाठीची गुजरात सरकारची मोहीम) केंद्राला कळव. नंतर पेरूत अडकलेला मांजा काढ. विजेच्या तारेवरच्या मांजाला हात लावायचा नाही.

फेब्रुवारीत 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' असतो, जगभरातल्या लोकांनी मिळून पक्षी मोजायचा, चार दिवसांचा. तो 1998 साली सुरू झाला, भारत 2013 पासून त्यात आहे. किमान पंधरा मिनिटांची नोंद लागते, तोवर तुझा हात बसलेला असेल. नोंद 'ई-बर्ड' या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायची. 2023 साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल निघाला, त्यात 942 जातींचा आढावा होता. तो तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या अशाच नोंदींवर उभा आहे. तुझ्या चौकातल्या चिमण्याही तिथे पोचू शकतात.

नोंद पाठवताना 'ई-बर्ड'वर विचारतील, ओळखता आलेल्या सगळ्या जाती लिहिल्यास का? पारवे मोजायचा कंटाळा येतो, मलाही येतो. गाळले असशील तर 'नाही' असं उत्तर दे आणि दुसऱ्या दिवशी पारव्यांसकट पुन्हा मोज.

तुझा,
काका